गुन्हा फक्त सुपरवायझरवर का? कारखान्यातल्या मृत्यूला कंपनी कशी जबाबदार धरता येते

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडून हेल्पर होता. गेल्या महिन्यात ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची) टाकी साफ करायला उतरलेला त्याचा सोबती बेशुद्ध पडला, त्याला काढायला भाऊ उतरला आणि दोघंही गेले. पोलिसांनी ठेकेदाराच्या सुपरवायझरवर गुन्हा नोंदवला. कंपनीचे लोक म्हणतात, चूक सुपरवायझरची, आम्ही भरपाई देतो, प्रकरण वाढवू नका. कंपनीवर किंवा मालकांवर गुन्हा होऊच शकत नाही का?

ताई, होऊ शकतो. कंपनीवर होतो आणि संचालकांवरही होतो. पण आपोआप होत नाही, आणि दोघांपर्यंत पोहोचायचे रस्ते वेगळे आहेत. पुढच्या काही आठवड्यांत तुमच्या हातात कोणते कागद येतात आणि तुम्ही कोणत्या कागदावर सही करता, यावर बरंच ठरणार आहे. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाना निरीक्षक होतो. निवृत्तीनंतर अशा खटल्यांत कामगारांच्या वकिलांना तांत्रिक बाजू उलगडून देतो. त्यामुळे विषय कायद्याचा असला तरी सांगणार निरीक्षकाच्या नजरेने.

आधी सुपरवायझरचं. पहिल्या रात्री पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, आणि तपास अधिकारी विचारतो, 'यांना आत जायला कुणी सांगितलं?' उत्तर येतं, सुपरवायझरने. तो तिथेच असतो, घाबरलेला आणि विचाराल ते सांगायला तयार. कंपनीचा एचआरवाला आणि वकील घरच्यांच्या आधी पोहोचलेले असतात. त्यांच्याकडे ठेकेदाराबरोबरचा करार असतो, आणि त्यात 'सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची' हे कलम असतंच असतं. (या कलमाने फौजदारी जबाबदारी इकडची तिकडे होत नाही. दोघांनी आपसात करार करून गुन्हा कुणाच्या माथी मारायचा हे ठरवता येत नाही. पण रात्री दोन वाजता ते वाचायला फार पटतं.) एफआयआर त्यावर उभा राहतो आणि पुढचा तपास त्याच रुळावरून जातो.

सुपरवायझर निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण पोलिसांनी त्याला आणखी चार प्रश्न विचारायला हवे होते. तुझ्याकडे गॅस मीटर होता का? हवा आत सोडणारा ब्लोअर होता का? ते मागितले होतेस का, आणि नाही म्हणणारा कोण? 'आज टाकी साफ होणार नाही' असं म्हणून काम थांबवायचा अधिकार तुला होता का? मीटर नाही, ब्लोअर नाही आणि काम थांबवायचा अधिकारही नाही अशी उत्तरं आली, तर तो फक्त निरोप्या होता. अशा प्रत्येक मृत्यूत मी एवढंच शोधत आलो : खर्च करायचा आणि काम थांबवायचा अधिकार कुणाकडे होता, आणि त्याला धोक्याची किती माहिती होती. पुढे सांगतोय ते सगळं याच दोन गोष्टी सिद्ध करण्यासाठी आहे.

तुमच्या प्रकरणात सुदैवाने (हा शब्द इथे बरा वाटत नाही, पण खटल्याच्या दृष्टीने तसंच आहे) धोका इतका जुना आणि इतका माहीत असलेला आहे की 'आम्हाला कल्पना नव्हती' हा बचाव टिकणं कठीण. ईटीपीच्या टाकीत गाळ साचतो, तो सडतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कमी प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. गाळ ढवळला की अडकलेला गॅस एकदम सुटतो. हवेत साधारण २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. बंद टाकीत तो कमी झालेला असेल तर माणूस कोसळेपर्यंत त्याला काही कळत नाही. म्हणून वरून डोकावून 'ठीक वाटतंय' म्हणण्याला काही अर्थ नसतो. मीटरच लागतो.

आणि वाचवायला गेलेला मरतो, हेही नवीन नाही. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने १९८६ मध्येच नोंदवून ठेवलं आहे की बंदिस्त जागांतल्या मृतांमध्ये निम्म्याहून जास्त लोक दुसऱ्याला काढायला उतरलेले असतात. तेव्हा 'तुमचा भाऊ स्वतःहून उतरला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं' असं कंपनी म्हणाली तर गप्प बसू नका. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ प्रमाणे अशा जागेत कुणाला पाठवायला तर बंदी आहेच, उतरू द्यायलाही आहे. त्याआधी गॅस काढून टाकण्याचे शक्य ते सगळे उपाय झालेले हवेत. शिवाय दोनपैकी एक गोष्ट हवी. एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून दिलेला लेखी दाखला, नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र, कमरेला पट्टा आणि त्या पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. दोर धरून बाहेर माणूस उभा असता तर तुमच्या भावाला आत जावंच लागलं नसतं. मेलेल्याचीही थोडी चूक होती, हा युक्तिवाद फौजदारी खटल्यात बचाव ठरत नाही. तो दिवाणी दाव्यातला मुद्दा आहे.

आता कलमं. गुन्हा बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ३०४-अ होतं आणि शिक्षा २ वर्षांपर्यंत होती. कलम जामीनपात्र आहे, जामीन पोलीस ठाण्यातच होतो. याच्या वरची पायरी कलम १०५, सदोष मनुष्यवध. मृत्यू होण्याची शक्यता आहे हे माहीत असूनही केलेलं कृत्य यात बसतं. शिक्षा १० वर्षांपर्यंत, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. २३ मे २०२४ ला डोंबिवलीच्या अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला तेव्हा पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं कलम लावून मालकांना अटक केली होती. त्याच डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यात प्रोबेस या कारखान्यात स्फोट झालेला होता. एवढं झाल्यावर अज्ञानाची सबब किती चालणार?

पण वरचं कलम लावणं आणि टिकवणं यात फरक आहे, आणि कंपन्यांचे वकील दोन निकाल हमखास काढतात. तुमच्या वकिलांना ते माहीत असतील, तुम्हीही समजून घ्या.

पहिला मुंबईचाच आहे. रंगाच्या एका कारखान्यात आग लागून सात कामगार जळून मेले. परवान्यात नसलेली प्रक्रिया तिथे चालत होती, उघड्या बर्नरवर. व्यवस्थापक असलेल्या भागीदाराला खालच्या कोर्टांनी ३०४-अ खाली दोषी धरलं. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कुर्बान हुसेन खटल्यात, ते रद्द केलं. आगीबाबतच्या निष्काळजीपणाची शिक्षा ठेवली, मृत्यूची काढली. कारण असं दिलं की मृत्यू आरोपीच्या कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे, आणि आग भडकली ती कामगाराने त्या क्षणी टर्पेंटाइन ओतण्यात केलेल्या घाईमुळे. बर्नर तिथे ठेवू देणारा माणूस दूरचा झाला आणि ओतणारा जवळचा. सुपरवायझरच्या आड लपण्याचा कायदेशीर आधार तो हाच. मला हा निकाल कधीच पूर्ण पटला नाही. बर्नर नसते तर ओतण्यातल्या घाईने फार तर फरशी खराब झाली असती. पण तो आहे, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. तुमच्या प्रकरणात उत्तर सोपं आहे. टाकीत तिसऱ्या कुणी काही ओतलेलं नाही, ठिणगी पडलेली नाही. चाचणी न करता, दोराशिवाय माणूस आत गेला आणि आतल्या हवेनेच मेला. कंपनीने जी गोष्ट केली नाही, तीच मृत्यूचं कारण आहे, मध्ये दुसरं काही नाही. शवविच्छेदनात गुदमरून किंवा विषारी वायूने मृत्यू असं आलं आणि कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा व्हिसेरा अहवाल त्याला जुळला, तर साखळी पूर्ण होते. म्हणून टाकीतल्या गाळाचा आणि हवेचा नमुना घेतला गेला का, हे आधी विचारा. टाकी धुऊन काढली असेल तर कुणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या.

दुसरा निकाल भोपाळचा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनियन कार्बाइडच्या भारतीय अधिकाऱ्यांवरचा आरोप सदोष मनुष्यवधावरून ३०४-अ वर आणला, कारण त्यांना त्या रात्री मृत्यूची जाणीव होती असं प्रथमदर्शनी दिसत नाही. जून २०१० मध्ये शिक्षा झाली तेव्हा ती जास्तीत जास्त म्हणजे २ वर्षं होती. याच्यासमोर मी नेहमी वांद्र्याच्या कार्टर रोडचं प्रकरण ठेवतो. २००६ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे 'जाणीव होती' हे मान्य करून सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. रस्त्यावर झोपलेल्या मजुराच्या बाबतीत जाणीव दिसते, टाकीत उतरवलेल्या मजुराच्या बाबतीत दिसत नाही, याचं कारण पुराव्यात आहे. गाडीत जाणीव एका माणसाच्या डोक्यात असते. कंपनीत ती ईमेलमध्ये, ऑडिटच्या अहवालात आणि नामंजूर झालेल्या खरेदीच्या मागणीत विखुरलेली असते, आणि पोलीस तिथपर्यंत जातच नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. कंपनी आरोपी होऊ शकते, यावर आता वाद उरलेला नाही. 'कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही, मग खटला कशाला' हा युक्तिवाद २००५ मध्ये घटनापीठाने स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात बहुमताने फेटाळला. तुरुंग नाही तर दंड, पण खटला चालणार. कंपनीला मन नसतं म्हणून गुन्हेगारी हेतू असूच शकत नाही, हा मुद्दा २०१० च्या इरिडियम निकालाने संपवला. जी माणसं कंपनी चालवतात त्यांचं मन तेच कंपनीचं मन. मात्र उलट दिशेने हे चालत नाही. २०१५ च्या सुनील भारती मित्तल निकालाने स्पष्ट केलं की कंपनीने गुन्हा केला एवढ्यावरून संचालक आरोपी होत नाही. त्याचा प्रत्यक्ष सहभाग दाखवा, नाहीतर संचालकाला जबाबदार धरणारी तरतूद त्या कायद्यातच दाखवा. न्याय संहितेत अशी सरसकट तरतूद नाही. कारखान्यांच्या कायद्यात आहे.

एक कडू गोष्ट आधीच सांगून ठेवतो. १०६ चा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या) कलम २३ प्रमाणे ते जास्तीत जास्त ५०,००० रुपये दंड करू शकतात. जुन्या संहितेत ही मर्यादा १०,००० होती. म्हणजे एवढी धावपळ करून कंपनी दोषी ठरली तरी, प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेलं नाही तर, दंड एखाद्या बऱ्या गॅस मीटरच्या किमतीच्या आसपास राहतो. म्हणून नुसतं कंपनीचं नाव आरोपपत्रात आलं म्हणजे जिंकलो असं समजू नका. कंपनीचं नाव हवं, आणि सोबत निर्णय घेणाऱ्या माणसाचंही हवं.

तिथे दुसरा रस्ता कामाला येतो, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा, म्हणजे आपण ज्याला 'डिश' म्हणतो त्याचा. कारखान्यांच्या कायद्यात ऑक्युपायर नावाची व्यक्ती असते, सरकारी मराठीत भोगवटादार. कारखाना कंपनीचा असेल तर ऑक्युपायर संचालकच असावा लागतो. पूर्वी कंपन्या एखाद्या मॅनेजरचं नाव देऊन मोकळ्या व्हायच्या. १९८७ च्या दुरुस्तीने ते बंद केलं आणि १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मोठमोठ्या कंपन्यांनी तेव्हा जीव तोडून विरोध केला होता, यावरूनच त्या तरतुदीची किंमत कळते. परवान्याच्या कागदावर हे नाव छापलेलं असतं. पोलिसांना ते शोधायला मुंबईच्या हेड ऑफिसात जावं लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे. तुमचा अपघात त्यानंतरचा आहे, तेव्हा शिक्षा संहितेप्रमाणे. संचालकच ऑक्युपायर, हे तत्त्व तिथेही आहे, फक्त स्वतंत्र संचालकांना वगळलं आहे. जुन्या कायद्यात मृत्यू झाल्यास दंड किमान २५,००० आणि कमाल १ लाख होता, कैद २ वर्षांपर्यंत. संहितेत कैद तेवढीच, पण दंड किमान ५ लाख, आणि त्यातला किमान अर्धा मृताच्या वारसांना देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं. कलम ३६ चे निकष अजूनही मोजपट्टी म्हणून वापरा. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेवढे चालू धरले जातात.

गोम अशी की हा खटला तुम्हाला स्वतः दाखल करता येत नाही, निरीक्षकाने करायचा असतो. जुन्या कायद्यात निरीक्षकाला अपघात कळल्यापासून ३ महिन्यांत तक्रार कोर्टात जावी लागे, नाहीतर गुन्हा कायमचा बाद. नव्यातही मुदत आहेच, म्हणून थांबू नका. माझ्या खात्याचं मी उगाच कौतुक करणार नाही. निरीक्षक कमी, कारखाने भरमसाट, आणि अनेक खटल्यांचा शेवट 'गुन्हा कबूल, दंड भरला' असा पाच मिनिटांत होतो. पण घरच्यांचं पत्र फायलीत असलं, त्यावर पोच असली, की फाईल दाबणं अवघड जातं.

कागदांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण खटला तिथेच उभा राहतो नाहीतर पडतो. त्या दिवसाचं वर्क परमिट मागा, बंदिस्त जागेत उतरण्याचं. ते नसेल तर उत्तम पुरावा. असेल तर त्याहून उत्तम, कारण अपघातानंतर बनवलेल्या परमिटवर गॅस चाचणीचा आकडा असतो आणि मीटरच कारखान्यात नसतो. मीटरच्या खरेदीचं बिल आणि कॅलिब्रेशनचा (मीटर अचूक असल्याच्या तपासणीचा) दाखला दाखवा म्हटलं की गाडी अडते. परमिटवर ऑक्सिजन २०.९ लिहिलेला असला तर त्याच टाकीची आधीची परमिटं मागवा. दरवेळी अगदी तोच आकडा असेल, तर तो मीटरने लिहिलेला नाही. त्यानंतर सुरक्षा समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. सुरक्षा ऑडिटचा अहवाल आणि त्यातल्या शिफारशींवर काय केलं त्याची नोंद. आणि सगळ्यात मोलाचं, स्टोअरकडे किंवा खरेदी विभागाकडे गेलेली आणि 'पुढच्या तिमाहीत बघू' अशा शेऱ्याने परत आलेली मागणी. श्वसनयंत्राचा संच, ब्लोअर, आतल्या माणसाला वर ओढायची तिपाई. तो शेरा ज्याच्या सहीचा, तो तुमचा आरोपी.

हे कागद तुम्हाला कुणी हातात देणार नाही. पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते मागवता येतात. तुम्ही तसा लेखी अर्ज करायचा. सीसीटीव्हीचं चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत नव्या चित्रणाखाली पुसलं जातं, तेव्हा ते जप्त करण्याची मागणी पहिल्याच अर्जात हवी. महिना उलटला म्हणता, तर आजच करा. गेटवरचं रजिस्टर, ठेकेदाराचं मस्टर, भावाचा गेटपास, मोबाइलवर आलेले 'उद्या टाकी घ्यायची आहे' असे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, हे ठेवा. सोबतच्या कामगारांचे फोन नंबर घ्या. ठेक्यावरची मुलं दोन महिन्यांत गावाला जातात किंवा तळोज्याला दुसरीकडे लागतात, आणि साक्षीच्या तारखेला सापडत नाहीत. शक्य असेल तर एक-दोघांचे जबाब त्याच संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यावेत, अशी विनंती वकिलांमार्फत करा. डिशच्या चौकशी अहवालासाठी माहिती अधिकारात अर्ज टाका. तपास चालू आहे म्हणून नाकारतील, तर अपील करा.

आरोपपत्रात कंपनी नसली तरी सगळं संपत नाही. पुढील तपासाची मागणी करता येते. खटला सुरू झाल्यावर साक्षीत एखाद्या अधिकाऱ्याची भूमिका समोर आली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५८ खाली कोर्ट त्यालाही आरोपी म्हणून बोलावू शकतं. पूर्वीचं ३१९. हे हत्यार वापरायचं असेल तर सुपरवायझरला शत्रू करू नका. 'मी मीटर मागितला होता' हे सांगू शकणारा तोच एकटा माणूस असतो, आणि बहुधा कंपनीनेच दिलेला वकील त्याला गप्प बसायला सांगत असतो.

ठेक्यांची उतरंड जेवढी मोठी तेवढं हे अवघड. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या पहाटे शहापुराजवळ सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले. रस्ता महामंडळाचा, ठेका एका कंपनीचा, गर्डर बसवण्याचं काम आणखी तिसऱ्या कंपनीकडे. त्यानंतर दीड महिन्याच्या आत ठाण्यात बाळकुमला इमारतीच्या बांधकामावरची लिफ्ट पडून ७ मजूर गेले. अशा ठिकाणी वरचा प्रत्येकजण खालच्याकडे बोट दाखवतो. तुमच्याकडे कंपनी, ठेकेदार आणि सुपरवायझर एवढेच थर आहेत, आणि टाकी, परिसर, वीज, परमिट सगळं कंपनीचं. (घोडबंदरच्या एखाद्या सोसायटीच्या सेप्टिक टाकीत हे घडलं असतं तर २०१३ चा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा लागला असता. गटार आणि सेप्टिक टाकीतल्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भरपाई ३० लाख केली आहे. एकाच वायूने मेलेल्या दोघांची किंमत टाकी कुणाची यावर ठरते, हे मला अजून समजावून सांगता येत नाही.)

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कुणीतरी विचारेलच की परदेशात काय करतात. ब्रिटनची वाट आपल्यासारखीच अडली होती. मार्च १९८७ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुग बंदराबाहेर हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरीबोट उलटून १९३ लोक मेले. पुढचा दरवाजा उघडा राहिला होता, आणि तो बंद करणारा खलाशी झोपला होता. पण दरवाजा बंद आहे की नाही हे दाखवणारा दिवा कप्तानासमोर लावा, अशी मागणी कप्तानांनी आधीच केली होती आणि ऑफिसने ती उडवून लावली होती, हे चौकशीत निघालं. तरी १९९० मध्ये कंपनीवरचा खटला कोसळला, कारण वरच्या एका माणसाच्या डोक्यात सगळा दोष गोळा करून दाखवता आला नाही. त्यातून अखेर २००७ चा कायदा आला, ६ एप्रिल २००८ पासून लागू. आता तिथे एका माणसाचं डोकं शोधावं लागत नाही. वरिष्ठ व्यवस्थापनाने कामाची घडी ज्या प्रकारे बसवली त्यात घोर कुचराई होती, एवढं सिद्ध झालं की कंपनी दोषी. दंडाला कमाल मर्यादा नाही, आणि आपण दोषी ठरलो हे जाहीर करायला कोर्ट कंपनीला भाग पाडू शकतं. पहिली शिक्षा २०११ मध्ये झाली ती मात्र एका छोट्या कंपनीला, ३,८५,००० पौंड. छोट्या कंपनीत मालक स्वतः खड्ड्याजवळ उभा असतो, म्हणून सापडतो. दक्षिण कोरियाने २०२२ पासून उलटी वाट धरली आणि थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला किमान १ वर्ष कैदेची तरतूद केली.

माझं मत विचाराल तर आपल्याला कोरियापेक्षा ब्रिटनची गोष्ट जास्त उपयोगाची आहे. कैदेची वर्षं वाढवून १०६ मध्ये फारसं साधलेलं नाही, कारण तुरुंगात जाणारा अजूनही सुपरवायझरच आहे. दंड उलाढालीच्या टक्केवारीत मोजला, आणि दोषी कंपनीचं नाव तिच्याच गेटवर मराठीत लावायला लावलं, तर महापे ते तुर्भे सगळ्या गेटांवर गॅस मीटर दिसतील. असो, कायदा बदलेपर्यंत आहे त्यावर भागवायचं.

आता पैशांचं. भरपाई घेतली म्हणजे गुन्हा मिटला, असं नाही. कामावर झालेल्या मृत्यूची भरपाई कायद्याने तुमच्या घरच्यांची आहे, ती कंपनीची मेहेरबानी नव्हे. ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू नसेल तर सूत्र असं : महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार १५,००० पर्यंतच धरतात. २५ वर्षांच्या मुलासाठी ७,५०० गुणिले २१६.९१, म्हणजे सुमारे १६ लाख २७ हजार. ठेकेदाराने दिले नाहीत तर मूळ मालक, म्हणजे कंपनी, देणं लागते. ईएसआय लागू असेल तर एकरकमी रकमेऐवजी अवलंबितांना पेन्शन मिळते. इथे तारीख बघा. नोंदणी अपघाताच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झालेली असेल, तर भाऊ किती महिने विनानोंदणी राबत होता हे मस्टरवरून सिद्ध करा. सोबत्याला वाचवताना मेला म्हणून तो कामावर नव्हता, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. कामाच्या ठिकाणी आणीबाणीत मदतीला धावताना झालेला अपघात ईएसआयच्या तरतुदींत कामावरचाच धरतात.

कंपनी चेकबरोबर एक कागद पुढे करेल. 'आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, अपघात दैवी होता.' चेक घ्या, पण त्या कागदावर सही करू नका. त्याचा उपयोग पुढे उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्यासाठी होतो. 'भरपाईपोटी रक्कम मिळाली, फौजदारी तक्रारीचे हक्क राखून' एवढंच लिहून द्या. त्यावर चेक मागे घेतला, तर तो कशासाठी होता हे तुम्हाला कळेलच. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगार आणि औद्योगिक आपत्तीचे बळी, दोघांनाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

या आठवड्यात एक अर्ज करा. प्रती पोलीस ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक, सहायक आयुक्त आणि डिशच्या तुमच्या भागातल्या कार्यालयाला, प्रत्येक प्रतीवर पोच. मजकूर फार सजवू नका. साधारण असा :

'गुन्हा क्रमांक अमुक. माझ्या भावाचा मृत्यू गॅस चाचणी, श्वसनयंत्र व दोर यांशिवाय बंदिस्त टाकीत उतरू दिल्याने झाला. टाकी व परिसर कंपनीच्या ताब्यात आहे. कारखान्याच्या परवान्यावर ऑक्युपायर व व्यवस्थापक म्हणून नोंद असलेल्या व्यक्तींची, तसेच कंपनीची भूमिका तपासून त्यांना आरोपी करावे. त्या दिवसाचे वर्क परमिट, मागील एक वर्षाची परमिटे, गॅस मीटरचे खरेदी व कॅलिब्रेशनचे कागद, सुरक्षा समितीची इतिवृत्ते, सुरक्षा ऑडिट अहवाल, सुरक्षा साहित्याच्या मागण्या व त्यावरील शेरे आणि सीसीटीव्ही चित्रण ताबडतोब जप्त करावे. भारतीय न्याय संहितेचे कलम १०५ लागू होते का याचा विचार करावा. तपासाची प्रगती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) प्रमाणे ९० दिवसांत मला कळवावी.'

अर्ज देताना सोबत एखादा जाणता माणूस न्या, आणि एफआयआरची प्रत अजून मिळाली नसेल तर तीही तिथेच मागून घ्या. ती फुकट मिळते.